हत्तीपुढं वाकलेला ससा

"लाओ मा, तुमच्या हत्तीनं सशाला पाया का पडायला लावलंय?"

फोनवर आमच्या ऑफिसातली शाओ वेई होती. मगदूम हे आडनाव चिनी तोंडाला झेपत नाही, म्हणून ऑफिसात सगळ्यांनी माझा लाओ मा करून टाकला होता. मी नुकती संध्याकाळची आरती उरकून घामाघूम उभा होतो. एका हातात तबक, दुसऱ्या हातात फोन. स्वयंपाकघरात आई उकडीचे मोदक मोजत होती आणि बायको, केतकी, पाटाभोवतीची रांगोळी सावरत होती. मला वाटलं वेई चेष्टा करतेय.

"अगं, तो ससा चूक कबूल करतोय," मी म्हटलं. "आमच्या देवाची गोष्ट आहे. उद्या ये प्रसादाला, सांगतो."

"लाओ मा, हसू नका. तुमच्या घरातला फोटो सगळीकडे फिरतोय. हजारो लोकांनी पाहिलाय. खाली काय काय लिहिलंय ते मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही."

तबक मी हळूच टेबलावर ठेवलं.

आज इचलकरंजीत घराच्या पायरीवर बसून हे सांगताना मला हसू येतं. पण त्या संध्याकाळी माझ्या पाचावर धारण बसली होती, हे मी आधीच सांगून टाकतो. शाओशिंगजवळ खछ्याओ म्हणून गाव आहे, सगळं कापडाचं. तिथल्या बाजारातून आपल्याकडच्या व्यापाऱ्यांसाठी कापड निवडून पाठवायची माझी नोकरी. केतकी तिथंच एका स्टुडिओत कापडावरच्या छपाईची डिझाईनं काढायची. चिनी मला बऱ्यापैकी यायची, भाव करण्याइतकी आणि भांडण मिटवण्याइतकी. आमचा राहण्याचा परवाना पुढच्याच आठवड्यात संपणार होता आणि वाढवून घ्यायचा होता. आणि नेमकं त्या वर्षी उन्हाळाभर आपलं सैन्य आणि त्यांचं सैन्य सीमेवर एकमेकांपुढं छाती काढून उभं होतं. ऑफिसात कुणी काही बोलायचं नाही, पण मी आत आलो की कॅन्टीनचा टीव्ही बंद व्हायचा.

आता सशाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही. तिकडं तरुण पोरांना राजकारणाची चित्रकथा वाचायचा भलता नाद. फोनवर रोज नवीन भाग येतो. त्यात देश म्हणजे प्राणी. ससा म्हणजे चीन, गुबगुबीत, पांढरा, गरीब बिचारा पण वेळ आली की खमक्या. गरुड म्हणजे अमेरिका. अस्वल म्हणजे रशिया. बैल म्हणजे इंग्लंड. आणि हत्ती म्हणजे आपण. जगातली सगळी युद्धं, सगळे तह, सगळ्या कुरापती हे प्राणी एकमेकांच्या अंगावर धावून जात रंगवून दाखवतात. वेईनं एकदा जेवताना मला दाखवलं होतं. "तुम्ही हत्ती," म्हणाली. मी खूश. "हत्ती म्हणजे आमचा देवच की," म्हटलं. ती तेव्हा तोंडावर हात ठेवून का हसली, ते मला त्या संध्याकाळी कळलं. तिच्या चित्रकथेतला हत्ती दर भागात कुठंतरी तोंडावर आपटतो.

आणि आमच्या घरात काय होतं? सिंहासनावर हत्ती. म्हणजे आपला गणपती हो, पण बघणाऱ्याला हत्तीच. त्याच्या मागं पंख पसरून गरुड, विष्णूचा. उजव्या हाताला बैल, आपला नंदी. डावीकडं मोर, खाली उंदीर. सगळ्या देवांची वाहनं गणपतीच्या घरी जेवायला आलीत, अशी केतकीची आरास. स्टुडिओतले सॅम्पलचे तुकडे आणून तिनं महिनाभर शिवली होती, साटीनचा गरुड, मखमलीचा नंदी. आणि सगळ्यांच्या पुढं, हत्तीच्या पायाशी, पुढचे दोन पाय जोडून खाली मान घातलेला एक गुबगुबीत पांढरा ससा.

"गरुड हत्तीच्या पाठीशी उभा," वेई फोनवर सांगत होती, "बैल बाजूला, आणि ससा गुडघ्यावर! लाओ मा, तुम्ही शहाणे आहात. हे तुम्हाला दिसलं नाही?"

"तो ससा चंद्रातला आहे गं!"

"मग चंद्र कुठं आहे?"

मी आराशीकडं बघितलं. चंद्र नव्हता.

चंद्र होता, सकाळपर्यंत होता. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. गणपती उंदरावरून पडला, चंद्र हसला, गणपती चिडला, चंद्राला शाप मिळाला आणि मग चंद्रानं हातापाया पडून माफी मागितली. केतकीनं व्यायामाच्या मोठ्या रिंगवर मोतिया रंगाचं साटीन ताणून हा एवढा चंद्र केला होता आणि त्यातून उतरून माफी मागणारा ससा वेगळा शिवला होता. चंद्राला हातपाय कुठनं आणायचे, म्हणून ससा. चांगली कल्पना होती. ससा दिसायला मात्र अगदी त्या चित्रकथेतल्यासारखा झाला, कारण तिथं तीन वर्षं राहून तिच्या हाताला तेच वळण पडलेलं. तिथल्या प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक दुकानावर तोच गुबगुबीत ससा.

सकाळी आई आंघोळ करून पूजेला आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! चंद्र कुणी लावला? चतुर्थी न्हवं का आज!"

"आई, कापडाचा आहे तो," केतकी म्हणाली.

"कापडाचा असू दे न्हाईतर कागदाचा. आज बघितला की खोटा आळ येतोय. देवाला सुटला न्हाई, तुम्ही कोण लागून गेलात?" आणि पदरानं डोळे झाकून आईनं चंद्र काढला, चादरीत गुंडाळला आणि पलंगाखाली सारला. ससा तिला आवडला होता. "ह्याला राहू दे. गोड हाय गुलाम."

दुपारी शेजारी आले. तिसऱ्या मजल्यावरच्या थांगबाईंनी मोदक खाल्ले, गणपतीला हात जोडले, फोटो काढला आणि 'आमच्या भारतीय शेजाऱ्यांकडं सगळे प्राणी जमलेत!' असं लिहून इंटरनेटवर टाकला. बिचारीच्या मनात काही नव्हतं. तिनं चित्रकथा कधी उघडलीही नसेल.

वेईचा फोन ठेवला तेव्हा केतकीनं माझा चेहरा बघितला. "काय झालं?"

मी सांगितलं. ती मटकन खाली बसली. "मी काढून टाकते ससा. आत्ता."

"आता काढला तर आपणच काहीतरी केलं होतं असं होईल."

एवढ्यात बेल वाजली.

दारात आमच्या वसाहतीच्या समितीच्या लुओबाई होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, एरवी लिफ्टमध्ये आईच्या साडीला हात लावून 'छान, छान' म्हणणाऱ्या. त्यांच्या मागं पोलीस ठाण्यातला एक तरुण अधिकारी, फांग म्हणून. दोघांनी बूट काढले, आम्ही दिलेल्या सपाता घातल्या. बसा म्हटलं तर बसले. चहा नको म्हणाले. चीनमध्ये कुणी चहा नको म्हटलं की समजायचं, काम सरकारी आहे.

फांग आराशीसमोर गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग माझ्याकडं वळला.

"मगदूम साहेब, हे प्राणी कुणी केले?"

"माझ्या बायकोनं. ती डिझायनर आहे."

"यांचा अर्थ?"

मी सांगितला. प्रत्येक देवाचं एक वाहन असतं, हे विष्णूचं, हे शंकराचं, हे गणपतीच्या भावाचं. लुओबाई मान डोलावत होत्या. फांग डोलावत नव्हता.

"आणि ससा?"

"चंद्राचा."

"ससा चंद्राचा, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडंही तो चंद्रातच राहतो," फांग म्हणाला. "पण इथं चंद्र नाही. इथं ससा आहे आणि हत्ती आहे. आणि हत्तीमागं गरुड आहे. अशा दिवसांत."

"चंद्र माझ्या आईनं काढून ठेवलाय."

"का?"

"आज तो बघायचा नसतो."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. हे मी कसं सांगू तुम्हाला! त्यांचा दहा-अकरा दिवसांवर चंद्राचा सण. घराघरांत चंद्रासारखे गोल केक, रात्री अंगणात खुर्च्या टाकून सगळं खानदान चंद्राकडं बघत बसतं. परगावचा मुलगा तेवढ्यासाठी घरी येतो. आणि हा परका माणूस म्हणतो, त्याच महिन्यात चंद्र बघायचा नाही! मला माझंच बोलणं ऐकून खोटं वाटलं.

"चंद्र बघायचा नसतो," लुओबाईंनी हळूच पुन्हा म्हटलं. "का बरं?"

"बघितला तर खोटा आळ येतो."

हे म्हणताना माझी जीभ अडखळली. कारण आळ सोफ्यावर येऊन बसलाच होता, सपाता घालून.

फांगनं वही काढली नाही, आवाज चढवला नाही. त्यानं ते केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मगदूम साहेब, तुमचा परवाना पुढच्या आठवड्यात आमच्याकडं येतोय. माझे वरिष्ठ फोटो बघून बसलेत. मला आज त्यांना काहीतरी सांगावं लागेल. देशाचा अपमान करणाऱ्या माणसाचा परवाना वाढत नाही. तुम्ही म्हणता तसं असेल, तर चंद्र दाखवा. त्याच्या जागी लावून दाखवा. नसेल, तर मी काही करू शकत नाही."

केतकीला घेऊन मी आत गेलो.

आई आतल्या खोलीच्या दाराजवळ खुर्चीवर बसली होती. तिला चिनी एक अक्षर येत नव्हतं, पण माणसांचे चेहरे तिला वाचता येत होते. बाबा गेल्यापासून ती इचलकरंजीत एकटी होती आणि दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडं आली होती ती एकाच कामासाठी, आम्हाला परत न्यायला. रोज सकाळी चहाबरोबर तेच. "चला की आता. एवढं घर रिकामं पडलंय. परक्या मुलखात कुणाला दाखवायलाय कर्तृत्व?" केतकी हसून विषय बदलायची. मी चिडायचो. आणि त्या दिवशी सकाळी प्राणप्रतिष्ठा झाल्यावर आईनं डोळे मिटून, सवयीप्रमाणे मोठ्यानं, गणपतीला जे मागितलं ते आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. "देवा, माझ्या पोरांना घरी पोचव. दुसरं काय मागत न्हाई."

"कोण आलंय?" आईनं विचारलं.

"पोलीस. आणि लुओबाई."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. चित्रकथा सांगताना माझीच फजिती झाली. तिला देश म्हणजे प्राणी हे काही पटेना. "आपला देश हत्ती कसा? आपला तर वाघ न्हवं का?" केतकी मध्ये पडली, "आई, ते त्यांचं ठरलेलं आहे." मग आईनं दारातूनच बैठकीतल्या सशाकडं बोट केलं. "म्हणजे ह्यो माफी मागतोय म्हणजे त्यांचा देश माफी मागतोय?"

"असं त्यांना वाटतंय."

"आणि मी चंद्र काढला म्हणून वाटायलंय."

मी मान डोलावली.

"चंद्र लावला की काम होतंय?"

"होईल बहुतेक."

"आणि न्हाई लावला तर?"

"परवाना वाढणार नाही. नोकरी जाईल. परत जावं लागेल."

परत जावं लागेल, हे शब्द माझ्या तोंडून सुटले आणि मला कळलं मी काय बोललो. केतकीनं माझ्याकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती दारातून दिसणाऱ्या गणपतीकडं बघत राहिली.

बाहेर फांग कुणाशी तरी फोनवर बोलत होता. तिकडं लुओबाई खोकल्या. आई तशीच बसून. मी तिला 'लाव' म्हणू शकत नव्हतो. साठी उलटलेली बाई, जन्मात एकदाही चतुर्थीच्या चंद्राकडं सरळ बघितलं नाही. खिडकीचे पडदेही ती दुपारपासून ओढून घ्यायची. आणि वर देव तिला जे हवं ते तिच्या ओटीत घालत होता. तिनं फक्त बसून राहायचं होतं. कुणी तिला बोल लावला नसता. आम्हीही नाही.

आई उठली. पलंगाजवळ गेली, गुडघ्यावर बसली आणि चादरीचं गाठोडं बाहेर ओढलं.

"आई, मी लावते," केतकी पुढं झाली.

"गप. आरास कुणी मोडली? मीच न्हवं? मग मीच लावणार."

गाठोडं घेऊन ती बैठकीत आली. फांग आणि लुओबाई चटकन उभे राहिले. आईनं स्टूल ओढलं. मी हात धरायला गेलो तर झटकला.

"डोळे मिट आई," मी म्हटलं.

"डोळे मिटून टाचणी लावू व्हय? बोटात घालून घेऊ?"

तिनं चादर सोडली. मोतिया साटीनचा तो एवढा मोठा चंद्र खोलीतल्या दिव्यात झळकला. आईनं त्याच्याकडं सरळ बघितलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि स्टुलावर चढून त्याला गणपतीच्या डाव्या खांद्यावर टाचायला सुरुवात केली. टाचण्या तोंडात धरल्या होत्या तिनं, शिवणकामाला धरायची तशा. "खाली... अजून जरा... बरोबर आलाय का बघा की, नुसते उभे काय राहिलाय?"

"बरोबर आहे," केतकी रडक्या आवाजात म्हणाली.

मग आई खाली उतरली, सशाला उचललं आणि चंद्राच्या खालच्या कडेवर बसवलं. मागचे पाय चंद्रात, पुढचे जोडलेले.

लुओबाईंनी टाळीच वाजवली. "अगं आई गं! हा तर चंद्रातला ससा! औषध कुटणारा!"

"काय म्हणतेय ती?" आईनं विचारलं.

"त्यांच्याकडं चंद्रातला ससा खलबत्त्यात औषध कुटत बसलेला असतो म्हणे."

"कुटंना का! आमच्यात नुसता बसून असतोय." आईनं लुओबाईंकडं बघून हाताची मूठ करून कुटायची खूण केली. लुओबाईंनीही तशीच खूण केली. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. आता त्यांना माझी गरज उरली नव्हती.

फांग मात्र अजून उभा होता. तो चंद्राच्या अगदी जवळ गेला, सशाला खालून वरून बघितला.

"हा माफी कशाची मागतोय?"

"देव उंदरावरून पडला, तेव्हा चंद्र हसला."

"फक्त हसला?"

"फक्त हसला."

फांगच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झालं. मग त्यानं खाकरून तोंड सरळ केलं. "आणि देवानं माफ केलं?"

"केलं. म्हणाला, वर्षातून एकच दिवस तुला कुणी बघणार नाही. बाकी सगळे दिवस बघतील."

"म्हणजे आज," फांग म्हणाला. तो आईकडं वळला आणि मान लववली. बराच वेळ लववली. मग मला म्हणाला, "आजींना सांगा, त्यांनी आज बघितला. आमच्यामुळं. आम्हाला वाईट वाटतंय."

मी सांगितलं. आईनं मोदकांचं ताट पुढं केलं. ती म्हणाली, "मोदक खा म्हणावं."

या वेळी दोघांनी चहाही घेतला. लुओबाईंनी आईला चंद्राशेजारी उभं केलं, फोन वर धरला आणि गोष्ट सांगायला लावली. आई मराठीत सांगायची, मी चिनीत सांगायचो. उंदरावरून पडायच्या प्रसंगाला आईनं अंगविक्षेप करून दाखवले. लुओबाईंनी तो व्हिडिओ तिथंच बसून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'दोन्ही देशांत चंद्रात ससाच राहतो. आज त्यांच्याकडं त्याला बघायचं नसतं, पण आजींनी आपल्यासाठी बघितलं.' मी वाचून दाखवलं तेव्हा केतकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

निघताना फांग दारात थांबला. "एक राहिलं. गरुड."

"तो विष्णूचा आहे हो!"

"कुणाचाही असू द्या. तो हत्तीच्या फार जवळ उभा आहे. माझ्या साहेबांना ते बघवायचं नाही."

मी आईला सांगितलं. आईनं हात हलवला. "ठेव की तिकडं फ्रिजजवळ. विष्णूचं वाहन ते, त्याला काय थंडी वाजतेय!"

गरुड फ्रिजजवळ गेला. फांग मनापासून हसला आणि बूट घालता घालता म्हणाला, "परवान्याचे कागद घेऊन सोमवारी या. खिडकीवर मीच असतो."

दार लागलं आणि मी तिथंच जमिनीवर बसलो, दाराला पाठ टेकून. जीव भांड्यात पडला. हसायला आलं, मग रडायला आलं, मग पुन्हा हसायला. फोन वाजत होता. वेई. "लाओ मा! तुमच्या आईंचा व्हिडिओ सगळीकडे पोचलाय, बघितलंत का? लोक आता तुमचा ससा आणि आमचा ससा एकच की चुलतभाऊ, यावर भांडतायत! एक जण म्हणतो भारतातला ससा आळशी, काम करत नाही, नुसता बसतो!" मागून ऑफिसातल्या दोन-तीन जणांचा हसायचा आवाज आला. मी नुसता 'हो, हो' म्हणत राहिलो. तिला बहुधा समजलं. "सोमवारी जेवताना मोदक आणा," म्हणून तिनं फोन ठेवला.

केतकी माझ्या शेजारी येऊन बसली. आई स्वयंपाकघरात पानं मांडत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग केतकी उठून स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"सकाळी तुम्ही देवाला आम्ही परत यावं म्हणून मागितलं होतं. आम्ही ऐकलं. आज देव देतच होता. तुम्ही नुसत्या गप्प बसला असतात तरी..."

आईनं वाटीत तूप घातलं. दुसऱ्या वाटीत घातलं. तिसऱ्या वाटीशी हात थांबला.

"मागितलं होतं," ती म्हणाली. "उद्याबी मागणार. रोज मागणार. पण मी तुम्ही यावं म्हणून मागितलं होतं गं. कुणी हाकलून धाडावं म्हणून न्हवं."

मग तिसऱ्या वाटीतही तूप घातलं आणि आम्हाला जेवायला हाक मारली.